दुखणं थांबवणाऱ्या नव्या गोळीमागची सत्तर वर्षं

३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुझेट्रिजिन या वेदनाशामक गोळीला मंजुरी दिली. अफूच्या कुळातली नाही, व्यसन लावत नाही, यावरच बातम्यांचा सगळा भर होता. गोळी काय करते ते एका ओळीत उरकलं गेलं: संवेदी चेतापेशींवरचं ‘नॅव्ह १.८’ हे सोडियम चॅनेल, म्हणजे सोडियम आत सोडणारं दार, ती अडवते. गंमत अशी, की त्याआधीची वीसेक वर्षं सगळ्यांचा डोळा त्याच्याच भावंडावर, ‘नॅव्ह १.७’ या चॅनेलवर होता.

हात तापल्या तव्याला लागला की त्वचेतल्या मज्जातंतूच्या टोकाशी आधी एक छोटासा विद्युतबदल होतो. तो ठरावीक पातळी ओलांडेल तरच पेशीपटलातली सोडियम चॅनेल्स भराभर उघडतात, बाहेरचा सोडियम आत घुसतो आणि आवेग पाठीच्या कण्याकडे धावतो. मिलिसेकंदभरात ही चॅनेल्स आपोआप मिटतात. पातळी किती खाली किंवा वर आहे, यावर ती पेशी किती चटकन पेटून उठते ते ठरतं.

माणसाचा वेदना वाहणारा सर्वात बारीक तंतू जेमतेम एक मायक्रॉन जाडीचा. त्यात तार घालून मोजमाप करणं १९३०च्या दशकात अशक्यच होतं. माकूळ, म्हणजे स्क्विड, या समुद्री प्राण्याचा महातंतू मात्र अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतो. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९३९मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथला त्यात इलेक्ट्रोड सरकवला आणि आवेगाच्या क्षणी पेशीच्या आतला विद्युतदाब शून्य ओलांडून धन होतो हे पाहिलं. तोवरच्या समजुतीनुसार तो शून्यापाशी थांबायला हवा होता. मग युद्ध आलं. १९४९मध्ये हॉजकिन आणि बर्नार्ड काट्झ यांनी भोवतालच्या पाण्यातला सोडियम कमी केला, तर आवेगाची उंचीही उतरली. १९५२च्या प्रसिद्ध निबंधांत हॉजकिन आणि हक्सली यांनी हे सगळं समीकरणांत बसवलं. केंब्रिजचा संगणक त्या वेळी बंद होता, म्हणून हक्सली यांनी हातानं फिरवायच्या ब्रुन्सविगा गणनयंत्रावर आकडेमोड केली. एका धावत्या आवेगाचं गणित सोडवायला काही आठवडे लागले. १९६३चं नोबेल या दोघांना जॉन एकल्स यांच्याबरोबर विभागून मिळालं.

समीकरणं जुळली तरी चॅनेल ही खरीखुरी वस्तू आहे, हे पटायला विषं उपयोगी पडली. १९६४मध्ये तोशिओ नाराहाशी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की फुगू माशातलं टेट्रोडोटॉक्सिन हे विष फक्त सोडियमचा मार्ग बंद करतं, पोटॅशियमच्या प्रवाहाला हात लावत नाही. विंचवाचं विष उलट वागतं. कोकणातल्या लाल विंचवाच्या विषातले घटक ही चॅनेल्स मिटूच देत नाहीत. वेदना तर होतेच, पण घाम, हृदय, रक्तवाहिन्या आपोआप चालवणारी स्वायत्त मज्जासंस्थाही खवळते: दरदरून घाम, थंडगार हातपाय, पुढे फुप्फुसात पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात वापरात आणलेलं प्राझोसिन हे औषध चॅनेलच्या वाटेला जातच नाही. खवळलेल्या मज्जातंतूंतून सुटणाऱ्या द्रव्यांचा रक्तवाहिन्यांवरचा परिणाम ते अडवतं, आणि त्यानं असंख्य जीव वाचले.

टेट्रोडोटॉक्सिन प्रयोगशाळेत चाळणीसारखं वापरलं जाऊ लागलं. मणक्यांलगतच्या गाठींमध्ये संवेदी चेतापेशींच्या पेशीकाया असतात. त्यांच्यावर हे विष ओतूनही सोडियमचा थोडा प्रवाह शिल्लक राहतो, हे १९८१मध्ये कीव्हच्या प्लातोन कोस्त्यूक यांच्या गटानं नोंदवलं. त्याच्यामागचं जनुक १९९६मध्ये लंडनच्या जॉन वूड यांच्या प्रयोगशाळेला सापडलं. तेच आजचं १.८. मेंदूत ते जवळपास नसतंच, मुख्यतः वेदना टिपणाऱ्या पेशींत असतं. ही निवडकता फार मोलाची. सोडियम चॅनेलचे नऊ मुख्य प्रकार आहेत, १.४ स्नायूंत, १.५ हृदयात. दात काढताना हिरडीत देतात ते लिग्नोकेन यातला भेदभाव करत नाही. म्हणून ते जागच्या जागी उत्तम, पण रक्तात जास्त गेलं तर मेंदू आणि हृदय दोन्हींना धोका.

तरीही प्रसिद्धी मिळाली १.७ला, आणि तीही माणसांमुळे. हातपाय लालबुंद होऊन भाजल्यासारखे जळतात, अशा एका विकाराचं वर्णन अमेरिकन मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांनी १८७८मध्ये केलं होतं. असे रुग्ण बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास पाय बुडवून बसतात, कातडी कुजेपर्यंत. २००४मध्ये चिनी रुग्णांच्या अभ्यासातून दोष १.७च्या जनुकात सापडला: ते चॅनेल फार लवकर उघडत होतं. दोनच वर्षांनी नेमकं उलटं चित्र पुढे आलं. उत्तर पाकिस्तानातला एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा, दंडातून सुरी आरपार घालायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. संशोधक त्याला भेटण्याआधीच तो गेला, छपरावरून उडी मारून, चौदाव्या वाढदिवसाच्या सुमारास. त्याच्या नात्यातल्या कुटुंबांमध्ये तसेच आणखी सहा जण होते. त्यांना स्पर्श, ऊन-गार, गुदगुल्या सगळं कळत होतं, वेदना तेवढी नव्हती. ओठ आणि जिभा मात्र लहानपणी स्वतःच्याच दातांनी तुटलेल्या. त्यांच्यात १.७ काम करतच नव्हतं.

इतका स्वच्छ पुरावा औषधकंपन्यांना क्वचितच मिळतो. अनेक कंपन्या १.७ अडवणाऱ्या रेणूंमागे लागल्या आणि रुग्णांवरच्या चाचण्यांमध्ये निराश झाल्या. माझ्या मते घाई झाली. जन्मापासून चॅनेल नसणं आणि चाळिशीत गोळीनं ते अर्धवट अडवणं यांत फार अंतर आहे. १.७ नसलेल्या एका स्त्रीला २०१५च्या अभ्यासात नॅलोक्सोन, म्हणजे अफूजन्य औषधांचा उतारा, दिल्यावर तिला काही प्रमाणात वेदना जाणवू लागली. याचा अर्थ तिच्या शरीरातलं स्वतःचं अफूसारखं वेदनाशामकही त्यात सामील होतं.

आणि १.८कडे बोट दाखवणारा पुरावा त्याच काळात समोर पडला होता. २००६मध्ये येल विद्यापीठातल्या स्टीफन वॅक्समन यांच्या गटानं जळजळीच्या त्या विकारातलं बिघडलेलं १.७ दोन प्रकारच्या पेशींत घातलं. संवेदी पेशी भडकल्या, सहानुभूत मज्जासंस्थेच्या (स्वायत्त मज्जासंस्थेच्याच एका भागाच्या) पेशी उलट मंदावल्या. फरक होता १.८चा. पेशीचा आतला विद्युतदाब वर सरकला की बाकीची सोडियम चॅनेल्स निकामी होत जातात, १.८ मात्र तग धरतं आणि आवेग निघतच राहतात. १.७ लहान इशारा वाढवतं, १.८ प्रत्यक्ष आवेगाचा बराचसा भार उचलतं. २०१३मध्ये तर अमेरिकी वाळवंटातल्या विंचू खाणाऱ्या एका उंदराचं गूढ उकललं. विंचवाचं विष त्याच्या १.८ला चिकटून तेच बंद करतं, त्यामुळे नांगी बसूनही तो विंचू कुरतडत राहतो.

सुझेट्रिजिननं हीच वाट धरली. पायाच्या अंगठ्याच्या हाडाच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांनंतर ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरलं. हायड्रोकोडोन (अफूच्या कुळातलं औषध) आणि पॅरासिटामॉलच्या जोडगोळीला मात्र मागे टाकू शकलं नाही. सायटिकासारख्या, पाठीतून पायात उतरणाऱ्या दुखण्यावरच्या चाचणीचा निकाल डिसेंबर २०२४मध्ये आला: औषधानं दुखणं शून्य ते दहाच्या पट्टीवर सरासरी २.०२नं उतरलं, निष्क्रिय गोळीनं १.९८नं. मंजुरी आहे ती मोठ्या माणसांच्या मध्यम ते तीव्र, तात्पुरत्या दुखण्यापुरतीच. मधुमेहामुळे मज्जातंतूंना होणाऱ्या वेदनेवरच्या मोठ्या चाचण्या ते बनवणाऱ्या कंपनीनं पुढे चालू ठेवल्या.