लष्करी पिस्तूल आणि आवरणातली गोळी : पार्श्वभूमी

लष्कराने कोणते पिस्तूल घ्यायचे, हा वरकरणी शस्त्राचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा काडतुसापाशीच निकाली निघालेला असतो. खडकीत १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. तिथल्या काडतुसांच्या जुन्या पुंगळीच्या बुडाशी कोरलेली ‘केएफ’ ही अक्षरे आजही सापडतात. त्यातला ‘के’ साहेबांच्या ‘किरकी’चा.

१८८७ पासून ब्रिटिश फौजेच्या कमरेला ०.४५५ इंची रिव्हॉल्व्हर होते. त्याचा धक्का जबर, त्यामुळे थोडक्या सरावात नेम बसणे अवघड जाई. १९३२ मध्ये ०.३८० इंची रिव्हॉल्व्हर स्वीकारले गेले, ते एका अटीवर: कॅलिबर (नळीचा आतला व्यास) लहान, पण गोळी २०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १३ ग्रॅमची, बोथट, उघड्या शिशाची. खरा घोळ इथेच झाला. कलकत्त्याजवळच्या दमदममुळे कुप्रसिद्ध झालेल्या गोळ्यांवरून १८९९ मध्ये हेगला जाहीरनामा झाला होता आणि शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात त्याज्य ठरल्या होत्या. मंद गतीची शिशाची गोळी, मुद्दाम पसरण्यासाठी घडवलेली नसली तरी, या व्याख्येत बसते का, याबद्दल दुमत होते. अखेर १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात सावधपणाची सरशी झाली आणि पूर्ण धातूच्या आवरणातली सुमारे १७८ ग्रेनची गोळी आली. कायद्याच्या दृष्टीने हे बिनधोक होते. परंतु ज्या गोळीच्या भरवशावर लहान कॅलिबर मान्य झाले, तीच काढून घेऊन शस्त्र मात्र तसेच ठेवले गेले, हे विसरता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धात स्टेनगन आणि कॅनडात बनलेली १३ गोळ्यांची ब्राउनिंग पिस्तुले यांच्याबरोबर ९ मिलिमीटरचे काडतूस रुळले. स्वातंत्र्यानंतर त्याच ब्राउनिंगच्या धर्तीवरचे पिस्तूल बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनू लागले. कार्बाइनलाही (आखूड नळीच्या बंदुकीलाही) तेच काडतूस लागत असल्याने पुरवठ्याचा हिशेब सोपा झाला आणि पिस्तुलासाठी वेगळा विचार करण्याचे कारणच उरले नाही.

जानेवारी २०२१ मध्ये पुढे आलेल्या ‘अस्मी’ या स्वदेशी हत्याराच्या घडणीत पुण्यातल्या पाषाणच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेचा वाटा आहे. तिला ‘मशीन पिस्तूल’ म्हणतात. पण ८ इंची नळी आणि दोन किलोंच्या आतले वजन पाहता ती कमरेच्या म्यानात मावणारी वस्तू नव्हे, कार्बाइनची जागा घेणारे हत्यार आहे. काडतूस मात्र तेच, ९ बाय १९ मिलिमीटरचे.