हाकणारा आणि राखणारा: मेंढपाळी कुत्र्याला घर शोधताना

‘फार दमवतो हो, फार्महाऊसवर देऊन टाकू. मोकळी जागा आहे, शेळ्या आहेत, त्याचं कामच ते.’ शहरात बॉर्डर कॉली किंवा ऑस्ट्रेलियन शेफर्ड पाळलेल्या घरात कुत्रा वर्ष-दीड वर्षाचा झाला की हे वाक्य हमखास निघतं. सल्ला तसा वाईट नाही, फक्त तो दुसऱ्याच कुत्र्याचा आहे.

मेंढरांबरोबर काम करणारे कुत्रे मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक मेंढरं हाकतो, दुसरा राखतो. घोळ नावांनी घातलाय. ऑस्ट्रेलियन शेफर्ड हाकणारा (आणि घडला अमेरिकेत, तो वेगळाच विनोद), तर अनातोलियन शेफर्ड आणि कॉकेशियन शेफर्ड राखणारे. रशियनमध्येही ‘ओव्चार्का’ हा एकच शब्द जर्मन शेफर्डलाही लागतो आणि कॉकेशियनलाही. मराठीत आपण दोघांना ‘मेंढपाळी कुत्रा’ म्हणून मोकळे होतो.

हा फरक बराचसा लांडग्यानं पाडला. आपल्या माळरानांवर लांडगा अजून आहे, म्हणून धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या तळाबरोबर, हिंडणारं कुत्रं राखणारं असतं. मेंढरं वळवायला माणसाची हाळी, शीळ आणि काठी पुरते. कुत्रं रात्री कळपाभोवती जागतं. हिमाचलातला गद्दी, काश्मीरकडचा बकरवाल, तुर्कस्तानातला कांगल हे याच कामाचे. गद्दी कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा दिसतो, तो बिबट्यानं मान धरू नये म्हणून. ब्रिटनमधला लांडगा काही शतकांपूर्वीच संपला. तिथे मेंढरं डोंगरउतारांवर एकटी चरू लागली आणि अडचण राखणीची न उरता ती गोळा करून आणण्याची झाली. त्या गरजेतून इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर बॉर्डर कॉली घडला. नॉर्थंबरलंडमध्ये १८९३ साली जन्मलेला ओल्ड हेम्प हा आजच्या कॉलींचा मूळपुरुष मानला जातो.

आता हा फरक कुत्र्याच्या डोक्यात कसा बसलाय ते पाहू, कारण घर त्यावरून ठरतं. शिकारी प्राण्याच्या वागण्याची एक साखळी असते: नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग, पकडून चावणं, मारणं. हाकणाऱ्या कुत्र्यांत पिढ्यान्‌पिढ्या निवड करून पहिल्या तीन कड्या धारदार केल्या आणि पुढच्या दाबल्या. दाबल्या म्हणजे पुसल्या नव्हेत. राखणाऱ्यात मात्र सगळी साखळीच मंद ठेवली. त्यात पिल्लू साधारण तीन-चार आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत मेंढरांतच वाढलं, तर मेंढरं त्याला घरचीच वाटतात. पळणारं कोकरू पाहून कॉलीचं अंग ताठतं. राखणारा एक डोळा उघडून पुन्हा मिटतो.

म्हणून कॉलीला फार्महाऊसवर सोडलं की पुढचं जवळजवळ ठरलेलं असतं. हुकूम देणारं कोणी नाही आणि हाकायला शेळ्या समोर आहेत. तो त्यांना दिवसभर कोपऱ्यात दाबून धरतो. शेळ्या चरत नाहीत, गाभण शेळी गाभडते, पळताना एखादीचा पाय मोडतो, फडफडणारी कोंबडी तोंडात येते. मग फार्महाऊसवरचा राखणदार माणूस त्याला साखळीला बांधतो. बांधलेला कॉली काही आठवड्यांत गोल गोल फिरू लागतो, सावल्यांमागे धावतो, पाय चाटून जखमा करून घेतो. जागा एकरभर असली तरी त्याच्या वाट्याला साखळीची सहा फुटं.

हाकणाऱ्याला जमीन नको, माणूस हवा. त्याचं सगळं काम माणसाच्या शिट्टीवर चालतं, त्यामुळे त्याच्यासाठी वेळ असलेलं दोन खोल्यांचं घरही चालतं. वेळ किती? प्रौढ कुत्र्याला रोज दीड ते दोन तास हालचाल, दोन भागांत. शिवाय १०-१५ मिनिटांची डोक्याची कामं दोन-तीनदा: वास घेऊन वस्तू शोधणं, नावानं खेळणी आणणं, नवा हुकूम. आणि शांत पडून राहणं हेही शिकवावं लागतं. हा भाग लोक हटकून विसरतात. ‘दमव, म्हणजे झोपेल’ या हिशेबानं रोज तासभर चेंडू फेकला, तर तीन महिन्यांनी दमायला दोन तास लागणारा खेळाडू तयार होतो, आणि चेंडूचं वेड वेगळंच. लेझरच्या ठिपक्याचा खेळ तर नकोच. तो कधीच तोंडात येत नाही, म्हणून शोध संपत नाही आणि कुत्रा भिंतीवरच्या प्रत्येक उजेडामागे लागतो.

अशा कुत्र्यासाठी घर बघताना ‘अंगण आहे का’ हा पहिला प्रश्न ठेवू नका. घरी दिवसाचे किती तास कोण असतं, सकाळी साडेपाचला उठून फिरवणार कोण, ऑफिसच्या दिवशी काय, हे आधी विचारा. एप्रिल-मे महिन्यांत उन्हं चढायच्या आत फिरणं संपलं पाहिजे. काम मिळालं की कॉली स्वतःहून थांबत नाही आणि उष्माघात होईपर्यंत पळतो. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पंजेही टेकत नाहीत. पाच-सहा वर्षांखालची मुलं असलेल्या घरी जरा थांबून विचार करा. पळणारं, किंचाळणारं मूल हे त्याच्या लेखी कळपातून फुटलेलं कोकरू. त्याला वळवण्यासाठी घोट्याला हलका चावा घेतला जातो, आणि कॉर्गी किंवा ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग यांना तर गुरांच्या खुरांमागे चावायलाच घडवलंय. यात राग नसतो. पण दात लागला की सोसायटीत ती समजूत काढायला कोणी थांबत नाही.

राखणाऱ्याचा हिशेब उलटा. दिवसा तो लोळतो, फिरण्याची मागणी माफक, चेंडूकडे ढुंकून बघत नाही. मात्र तो रात्री जागतो आणि भुंकतो, कारण त्याचं काम मुळात भुंकून दूर ठेवण्याचं. कॉकेशियनचं गुबगुबीत पिल्लू फ्लॅटमध्ये आणणाऱ्यांना हे दीड वर्षानं कळतं. तोवर कुत्रा ५० किलोच्या घरात गेलेला असतो, लिफ्टमधल्या पाहुण्याला अडवतो, आणि बोलावलं तर विचार करून येतो. तो स्वतः निर्णय घ्यावा म्हणूनच घडवलेला आहे, त्यामुळे ‘ऐकत नाही’ ही तक्रार त्याच्याबाबत निरर्थक. अशाला खरोखर जमीन द्या: किमान पाच-सहा फुटी पक्कं कुंपण, राखायला स्वतःची जनावरं, आणि रात्रीच्या भुंकण्यावर भांडायला न येणारे शेजारी. प्रौढ झाल्यावर पहिल्यांदाच शेळ्या दाखवत असाल तर काही आठवडे मध्ये जाळी ठेवा. दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत कोकरांत एकटं सोडू नका. तरणा कुत्रा खेळता खेळता कान ओरबाडतो.

जातीची कागदपत्रं नसतील, तर ओळखायचं कसं? लीश लावून रस्त्याकडेला उभे राहा. सायकल गेली की हाकणारा मान खांद्याच्या रेषेखाली नेतो, नजर खिळते, पुढचा एक पंजा हवेत थांबतो, शेपूट खाली. राखणारा सायकल सोडून सायकलवाल्याकडे बघतो, तुमच्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभा राहतो, शेपूट वर. एका पाहणीवर विसंबू नका. तीन-चार वेगवेगळ्या वेळी बघा, एकदा तरी अंधार पडल्यावर. जर्मन शेफर्ड अधेमधे लटकतो: मूळचं काम उभ्या पिकाच्या कडेनं सतत फिरून चालतं कुंपण होण्याचं, म्हणजे हाकण्याचाच प्रकार, पण शंभर वर्षांहून अधिक काळ पोलिस आणि पहाऱ्यासाठी पैदास झाल्यानं दोन्हींचे गुण मिसळलेत. त्याला घर शोधताना हाकणाऱ्याचे प्रश्नच विचारा.

देताना लसीकरणाचं कार्ड, नसबंदीची नोंद आणि खोड्यांची खरी यादी द्या. मोटारसायकलमागे धावतो हे लपवलं, तर कुत्रा पंधरा दिवसांत परत येतो किंवा मोटारसायकलखाली जातो. कॉलीच्या नातलगांसाठी एक गोष्ट ठळक लिहून द्या. गोचीड-खरजेसाठी आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं आयव्हरमेक्टिन मोठ्या मात्रेत यातल्या काहींच्या मेंदूत शिरतं आणि जीवावर बेततं, कारण ते रोखणारं जनुक त्यांच्यात बिघडलेलं असतं. रफ कॉली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये हा दोष भरपूर आढळतो, बॉर्डर कॉलीत क्वचित. जनुकाची चाचणी होईपर्यंत, कुत्रा कॉलीचा नातलग आहे हे डॉक्टरांना आधीच सांगायचं.

नव्या घरी पहिले दोन आठवडे लीशशिवाय बाहेर काढू नये, कुंपण कितीही पक्कं दिसो. पुढचा महिनाभर दहा मीटरची लांब दोरी लावून मोकळ्या मैदानात हाकेला येण्याचा सराव करून घ्यायचा. आणि जमलं नाही तर कुत्रा तिसऱ्याला न देता आपल्याकडेच परत आणायचा, हे तोंडी न ठेवता कागदावर सही घेऊन ठरवा.