परमिट मागणाऱ्या राज्यात वय विचारणं कुठे राहिलं?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोघांचा जीव घेतला. चालवणारा मुलगा अठराच्या आतला होता. त्याला दारू दिल्याच्या आरोपावरून पबवाल्यांना अटक झाली, आणि बाटली देताना वय कोण बघतं, हा प्रश्न घरोघरी निघाला.

खरं तर गिऱ्हाइकाकडे कागद मागण्यात हे राज्य पूर्वीपासूनच पुढे. मुंबई शहरात दारूबंदी पहिल्यांदा आली ती १९३९ साली, डॉ. गिल्डर मंत्री असताना. मग मोरारजी देसाईंच्या आग्रहातून १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. प्यायची तर सरकारी परमिट हवं. ते मिळवायला लोक डॉक्टरांचा दाखला आणत. प्रकृतीसाठी दारू लागते म्हणे! १९६० नंतर गुजरातने बंदी तशीच ठेवली. महाराष्ट्राने वसंतराव नाईकांच्या काळात ती सैल केली, पण कायदा मोडीत काढला नाही. त्यामुळे दारूबंदीचा कायदा आणि दारूची दुकानं सुखाने एकत्र नांदू लागली. बारच्या पाटीवरचं ‘परमिट रूम’ ही त्याचीच खूण.

पुढे परमिटची पार पावती झाली. एका दिवसाचं देशीला दोन रुपये, विदेशीला पाच. वर्षाचं शंभर, जन्मभराचं हजार. कागदोपत्री परमिट असणं म्हणजे वय भरलेलं असणं. पण शनिवारी रात्री काउंटरच्या जाळीतून नोटा आत सरकत असताना परमिटबुक काढून नाव-वय लिहीत बसणारा दुकानदार मी तरी पाहिलेला नाही. २०११ च्या व्यसनमुक्ती धोरणात कडक दारूला पंचवीस आणि बिअरला एकवीस अशी वयं ठरली, तेव्हाही काउंटरवरची सवय तीच राहिली. मतदान अठराला, पेग पंचविसाला, हे पोरांना पटणं तसंही अवघडच.

तंबाखूचं वेगळं. २००३ च्या कायद्याने अठराखालच्यांना विक्री बंद केली, शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तर सगळ्यांनाच. साठ बाय तीस सेंटिमीटरची पाटी सक्तीची झाली आणि शंका आली तर विक्रेत्याने वयाचा पुरावा मागावा, असंही नियमात आलं. दंड मात्र दोनशे रुपयांपर्यंत. २०१५ च्या बालन्याय कायद्याने त्याच गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड ठेवला.

आणि टपरीवर? “पप्पांनी पुडी मागितलीय,” म्हणत दहा वर्षांचं पोर उभं राहतं. टपरीवाला पप्पांना नावाने ओळखतो, त्यांचा ब्रँडही त्याला पाठ असतो. कायद्याला पुडी कुणासाठी आहे याच्याशी कर्तव्य नाही, हातात घेणारा कोण एवढंच कायदा बघतो. टपरीवाला सुट्टे पैसे मोजून पोराच्या हातावर ठेवतो.