रिकॉलची भाजी धुऊन का नाही खायची?

अमेरिकेत पालक नाहीतर रोमेन लेट्यूस (सॅलडमधे कच्चं खायचं पान) रिकॉल झालं, म्हणजे जंतूच्या भीतीनं विकलेला माल परत मागवला, की नोटीसमधे सांगतात, खाऊ नका, फेकून द्या. नीट धुऊन खा असं कुणी म्हणत नाही. आपल्याला ते जरा अतीच वाटतं, एवढी हिरवीगार भाजी, चार पाण्यातून काढली की झालं की!

नाही होत. ई. कोलाय ओ१५७:एच७ हा जंतू पानावर धुळीसारखा नुसता बसून राहत नाही, पानाच्या बारीक छिद्रांत शिरतो, कापलेल्या कडेला चिकटतो, वर चिकट थर करून घेतो. धुतल्यावर शंभरातले नव्वद, फार तर नव्याण्णव जंतू जातात, ऐकायला भारी वाटतं, पण हा जंतू असा की शंभरएक पोटात गेले तरी माणूस आडवा होऊ शकतो. मीठ, व्हिनेगर, खायचा सोडा यांनी माती न् अळ्या निघतील, जंतूची खात्री नाही. साबण तर अजिबात नको, पान तो शोषून घेतं.

२००६ मधे पिशवीतल्या पालकामुळं तिकडं सुमारे २०० जण आजारी पडले, ३ गेले. २०१८ मधे ॲरिझोनातल्या युमा भागातल्या रोमेनमुळं २१० आजारी, ५ मृत्यू, आणि तोच जंतू तिथल्या कालव्याच्या पाण्यात सापडला. पण आपल्यासाठी खरी गोष्ट जर्मनीची आहे. २०११ मधे तिथं याच जातकुळीतल्या दुसऱ्या जंतूनं जवळपास ४,००० लोक आजारी पाडले, ५० च्या वर दगावले, आधी स्पेनच्या काकड्यांवर खापर फुटलं, अन् शेवटी निघाली काय तर मोड आलेली मेथी! बी इजिप्तहून आलेलं.

आता आपलं बघा. एफएसएसएआयचे, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचे, रिकॉलचे नियम २०१७ पासून आहेत, पण रिकॉल करायला बॅच नंबर लागतो. आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेली शेपूची जुडी कुठल्या मळ्यातली, विहिरीच्या पाण्यावरची का नाल्याच्या, हे विकणाऱ्या मावशीलाही माहीत नसतं. म्हणजे आपल्यापर्यंत नोटीस येणारच नाही. आपल्याला वाचवते ती कढई. ७० अंशांच्या वर सगळीकडून नीट तापलं की हा जंतू मरतो, त्यामुळं चुका, अंबाडी, पालक, करडईची भाजी शिजवून खाणाऱ्याला फार टेन्शन नाही. धोका कच्च्यात आहे, मेथीचा घोळाणा, वरून भुरभुरलेली कोथिंबीर, गाड्यावरची हिरवी चटणी. घोळाणा सोडा असं मी सांगणार नाही (भाकरीसोबत तो पाहिजेच), पण लहान लेकरं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांना भाजी शिजवूनच द्या, आणि कोथिंबीर वरण उकळतानाच टाका.

मॉलमधल्या पाकीटबंद सॅलडचा रिकॉल आला तर ब्रँड, बॅच, तारीख जुळवून बघा, पाकीट आधीच फेकलं असेल आणि जुळवता येत नसेल तर भाजीही फेका. वास घेऊन काही कळत नाही. पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, फ्रिजचा ट्रे, विळी, चाकू साबणानं धुवा, कारण फ्रिजमधे जंतू मरत नाही. आणि एक, वाया जाते म्हणून गाई-म्हशीला घालू नका. गुरांना या जंतूनं सहसा काहीच होत नाही, पण तो शेणातून बाहेर पडत राहतो, अन् तेच ओलं शेण परत भाजीच्या वाफ्यात जातं. अमेरिकेत सेंद्रिय शेतीचा नियम आहे की मातीला लागून वाढणाऱ्या पिकाला कच्चं शेण घातलं तर काढणीआधी १२० दिवस गेले पाहिजेत. आपली मेथी महिन्याभरात काढणीला येते, म्हणजे तिला पूर्ण कुजलेलं खतच पाहिजे.

खाल्ल्यावर त्रास बहुतेक तीन-चार दिवसांनी सुरू होतो, पोटात कळा, मग रक्ताची हगवण. अशा वेळी मेडिकलवरून हगवण थांबवायची गोळी किंवा अँटिबायोटिक मनानं घेऊ नका, त्यानं जंतूचं विष शरीरात जास्त पसरायची भीती असते, पाणी पाजत राहा न् डॉक्टरला दाखवा. हगवण लागून आठवडा होत आला, लेकरू पांढरंफटक पडलं आणि लघवी कमी झाली, तर किडनीवर आलेलं असू शकतं, मग गावातल्या दवाखान्यात वेळ न घालवता थेट जिल्ह्याच्या हॉस्पिटलला न्या.