ज्यूसंहारविषयक चित्रपट आणि अभ्यवेक्षण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनी व तिच्या साथीदारांनी सुमारे 60 लाख यूरोपीय ज्यूंची हत्या केली. या संहारावरील अनुबोधपटांवर व कथापटांवर निरनिराळ्या देशांत आलेली बंधने हा प्रस्तुत नोंदीचा विषय होय. अभ्यवेक्षण (सेन्सॉरशिप) हा शब्द येथे व्यापक अर्थाने घेतला आहे. परिनिरीक्षण मंडळाची कात्री, परराष्ट्र खात्याचा दबाव, दूरचित्रवाणी केंद्राचा नकार, जाहिरातदाराची हरकत हे सगळे त्यात येते. मृतदेहांची किंवा नग्नतेची दृश्ये हे कारण बहुधा पुढे केले जाई. महत्त्वाची प्रकरणे तपासली, तर खरी अडचण पुष्कळदा वेगळी होती असे दिसते. या हत्येला आपल्या माणसांचाही हात लागला होता, हे पडद्यावर येऊ नये, अशी त्या त्या सरकारची इच्छा असे.

या विषयावरील सर्वांत जुना दडलेला चित्रपट ब्रिटिशांचा आहे. एप्रिल 1945 मध्ये जर्मनीतील बेर्गेन-बेल्सेन ही नाझी छळछावणी मुक्त झाली, तेव्हा ब्रिटिश लष्कराच्या छायाचित्रकारांनी तेथे केलेल्या चित्रणातून ब्रिटिश निर्माते सिडनी बर्नस्टाइन यांनी एक दीर्घ अनुबोधपट योजला. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक सल्लागार होते. पुढे कोणी हे बनावट म्हणू नये म्हणून दृश्ये न तोडता सलग दाखवावीत, आणि छावण्या जर्मन गावांच्या किती जवळ होत्या ते नकाशांवर दाखवावे, या सूचना त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. सहा रिळांपैकी पाचच तयार झाली आणि सप्टेंबर 1945 नंतर काम थांबले. का थांबले, याविषयी एकमत नाही. जर्मनांना सोबत घेऊन देश उभा करायचा असताना हा चित्रपट गैरसोयीचा ठरला, असे एक मत. नुसता उशीर झाला आणि निकड संपली, असे दुसरे. दोन्ही कारणे एकमेकांत मिसळलेली असावीत. 1984 मध्ये बर्लिन महोत्सवात तो अपुऱ्या रूपात दाखवला गेला आणि लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियमने 2014 च्या सुमारास तो पूर्ण केला.

सर्वाधिक अभ्यासले गेलेले प्रकरण फ्रान्समधील ‘न्वी ए ब्रुयार’ (रात्र आणि धुके) या 32 मिनिटांच्या अनुबोधपटाचे आहे. शीर्षक डिसेंबर 1941 च्या एका नाझी हुकुमावरून घेतलेले आहे; पकडलेल्या माणसाचा मागमूस उरू नये, असा त्या हुकुमाचा आशय होता. मुक्ततेच्या दहाव्या वर्षानिमित्त इतिहासकार आंरी मिशेल यांच्या समितीने या कामाला चालना दिली. निर्माते आनातोल दोमाँ, दिग्दर्शक आलँ रेने. निवेदन लिहिणारे कवी झाँ केरोल हे माउटहाउझेन छावणीतून जिवंत परतलेले, तर संगीतकार हान्स आइसलर हे नाझींमुळे परागंदा झालेले. गवत वाढलेल्या ऑशविट्झ छावणीचे रंगीत चित्रण आणि जुनी कृष्णधवल छायाचित्रे आलटून पालटून येतात.

वाद झाला तो या छायाचित्रांपैकी एकावरून. फ्रान्समधील पीतिव्हिए छावणीचे म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या चित्रात उंचावर उभा असलेला एक पहारेकरी खालच्या बराकींकडे पाहतो आहे. त्याचा चेहरा धड दिसत नाही. दिसते ती डोक्यावरची केपी, म्हणजे सपाट माथ्याची, पुढे झाप असलेली फ्रेंच टोपी. ती पाहताच पहारेकरी जर्मन नाही, फ्रेंच जांदार्म (सशस्त्र पोलीस) आहे, हे कोणाही फ्रेंच माणसाला कळावे. जुलै 1942 मध्ये फ्रेंच पोलिसांनी पॅरिस परिसरात 13,152 ज्यूंना पकडले होते. त्यांतील बरीच कुटुंबे पीतिव्हिए व शेजारच्या बोन-ला-रोलांद येथे नेण्यात आली आणि तेथून पुढे ऑशविट्झला. फ्रान्सच्या चित्रपट नियंत्रण आयोगाने 1955 च्या अखेरीस टोपीवर बोट ठेवले. हे दृश्य राहिले, तर शेवटची मृतदेहांची दृश्ये धोक्यात येतील, असे बजावल्याचे रेने यांच्या बाजूने सांगितले जाते.

टोपी नेमकी कशी झाकली, यातही पाठभेद आहेत. कोठे तिच्यावर रंग फासल्याचे म्हटले आहे, तर कोठे चित्रात आडवी तुळई रंगवून तिच्यामागे ती लपवल्याचे. तुळईचा तपशील खुद्द रेने यांच्या आठवणींशी जुळतो, म्हणून तोच ग्राह्य धरावा. सिल्व्ही लिंडपर्ग यांनी 2007 च्या ग्रंथात मूळ कागदपत्रे लावून हे सारे प्रकरण मांडले आहे. रेने यांच्याच आफ्रिकी कलेवरील लघुपटाला वसाहतवादावरील टीकेमुळे आधीच बंदी झाली होती, आणि 1955 मध्ये अल्जीरियात फ्रान्सचे युद्ध पेटलेले होते. गणवेशधाऱ्याची बेअदबी नको, या भूमिकेमागे तोही संदर्भ असणार. मृतदेह राहिले, टोपी गेली. मूळ छायाचित्र चित्रपटात परतले ते 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात. ज्यूंच्या धरपकडीतील फ्रेंच राज्यसंस्थेची जबाबदारी अध्यक्ष झाक शिराक यांनी जाहीरपणे मान्य केली, तीही जुलै 1995 मध्ये.

एप्रिल 1956 मध्ये पश्चिम जर्मन दूतावासाच्या विनंतीवरून हा अनुबोधपट फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवाच्या अधिकृत निवडीतून काढण्यात आला. सहभागी राष्ट्राच्या भावना दुखावणारी कलाकृती मागे घेता येई, असा तेव्हा महोत्सवाचा नियम होता. फ्रेंच परराष्ट्रमंत्री क्रिस्तियाँ पिनो हे स्वतः बूखनवाल्ट छावणीतील कैदी होते, ही गोष्ट विसरता येत नाही. निषेध उसळल्यावर तो स्पर्धेबाहेर दाखवला गेला. केरोल यांच्या निवेदनाचे जर्मन रूपांतर कवी पाउल सेलान यांनी केले. त्यांचे आईवडील या संहारात गेले होते. एक उणीव मात्र सेन्सॉरच्या माथी मारता येणार नाही. संपूर्ण निवेदनात ‘ज्यू’ हा शब्द एकदाच येतो, अॅमस्टरडॅमच्या स्टर्न नावाच्या विद्यार्थ्यासंदर्भात. हद्दपारी म्हणजे प्रतिकारवीरांची हद्दपारी, ही तेव्हाच्या फ्रान्सची समजूत चित्रपटातही उतरली आहे.

नाझींशी सहकार्य करणाऱ्या फ्रान्समधील व्हिशी राजवटीवरील मार्सेल ओफ्यूल्स यांचा 1969 चा चार तासांहून मोठा अनुबोधपट फ्रेंच दूरचित्रवाणीने नाकारला. लेखी बंदी नव्हती, प्रक्षेपण तेवढे झाले नाही. 1971 पासून तो चित्रपटगृहांत चालला आणि दूरचित्रवाणीवर 1981 मध्ये आला.

पूर्व यूरोपात ज्यूंचे दुःख ‘फॅसिझमचे बळी’ या सर्वसाधारण नावाखाली विरघळवले जाई. चेक दिग्दर्शक आल्फ्रेड राडोक यांनी 1949 मध्ये ज्यूंना कोंडलेल्या तेरेझीन वस्तीवर ‘दालेका सेस्ता’ (लांबचा रस्ता) काढला. त्यांचे वडील तेरेझीनमध्येच मरण पावले होते. काही प्रसंगांच्या शेवटी कथादृश्य आक्रसून पडद्याच्या कोपऱ्यात जाते आणि उरलेला पडदा नाझी प्रचारपट व्यापतो. शैलीचे हे धाडस साम्यवादी राजवटीला रुचले नाही; चित्रपट आधी लहान गावांकडे वळवला गेला व मग कपाटात गेला. सोव्हिएट संघात अलेक्सांद्र आस्कोल्दव यांच्या 1967 च्या ‘कमिसार’चे असेच झाले. कथा रशियन यादवी युद्धाची, परंतु शेवटाकडे नायिकेला भविष्य दिसते: तिला आसरा देणारे ज्यू कुटुंब, कपड्यांवर नाझींनी ज्यूंना सक्तीचे केलेले ताऱ्याचे चिन्ह लावून, गर्दीबरोबर एका कमानीतून आत चालले आहे. दिग्दर्शकाला पक्षातून काढले गेले आणि त्याला पुन्हा कथापट करता आला नाही. ‘कमिसार’ लोकांपुढे आला 1987 मध्ये.

अमेरिकेतील अडथळे बव्हंशी व्यापारी स्वरूपाचे होते. एप्रिल 1959 मध्ये न्यूरेंबर्ग खटल्यावरील दूरचित्रवाणी नाटकातून विषारी वायूसाठीचा ‘गॅस’ हा शब्द ऐन प्रक्षेपणात गाळला गेला, कारण प्रायोजकांत गॅस कंपन्यांची संघटना होती. सिडनी ल्यूमेट यांच्या ‘द पॉनब्रोकर’ला छावणीच्या आठवणीशी जोडलेल्या नग्न दृश्यासाठी 1965 मध्ये खास सूट मिळाली, हॉलीवूडची जुनी आचारसंहिता ढासळण्याच्या प्रक्रियेतील हा एक टप्पा मानतात.

आशियातील माहिती त्रोटक आहे. ‘शिंडलर्स लिस्ट’ला मलेशियाने 1994 मध्ये प्रचारपट ठरवून मनाई केली. पुढे काटछाट करून परवानगी देऊ केली, पण दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी काटछाट नाकारली. फिलिपिन्समध्ये परिनिरीक्षकांना काही दृश्ये कापायची होती. तेथे अध्यक्ष फिदेल रामोस यांनी स्वतः लक्ष घातले आणि चित्रपट अखंड दाखवला गेला.