सलग वीस नकार आणि संभाव्यतेचं गणित

‘आत्मविश्वास असेल तर माल खपतो’ हे विक्रीच्या प्रशिक्षणात इतक्यांदा सांगितलं जातं, की कमिशनवर काम करणारा नवा माणूस आठवडाभर सौदा झाला नाही तर स्वतःलाच दोष देऊ लागतो. आपल्यात आत्मविश्वासच नाही, असं त्याला वाटतं. मला वाटतं, त्याने आधी शाळेतली संभाव्यता आठवावी.

समजा, दर दहा कॉलमागे सरासरी एक सौदा होतो. म्हणजे एका कॉलवर नकाराची शक्यता ०.९. पहिले वीसही नकारच येण्याची शक्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे १२ टक्के. पण नकारांची रांग पहिल्या कॉलपासूनच सुरू व्हायला हवी असं नाही, ती कुठल्याही सौद्यानंतर लागू शकते. १०० कॉलमध्ये कुठेतरी सलग २० नकार येण्याची शक्यता काढली, तर ती निघते जवळपास ७७ टक्के! कौशल्य तसूभरही कमी झालेलं नसताना.

आणखी पुढे जाऊ. महिन्याला १०० कॉल धरले तर सौद्यांची सरासरी १०, प्रमाण विचलन (सरासरीभोवती आकडा साधारण किती वरखाली होतो, याचं माप) १०० × ०.१ × ०.९ चं वर्गमूळ, म्हणजे ३. दोन्ही बाजूंना दोन विचलनं धरली तर ४ ते १६ सौदे, सगळं नेहमीचंच. एका महिन्याचं कमिशन दुसऱ्याच्या चौपट, आणि माणूस तोच! कॉल ४०० केले तर सरासरी ४० आणि विचलन ६. सरासरीच्या तुलनेत चढउतार ३० टक्क्यांवरून १५ वर येतो. प्रयत्न चौपट, अनिश्चितता निम्मी. हे वर्गमूळ मला फार सुंदर वाटतं. मात्र पंधरा नकारांनंतर ‘आता तर होणारच’ असं समजू नये, सोळाव्या कॉलवरही शक्यता दहात एकच.

हे सगळं प्रत्येक कॉल स्वतंत्र आहे असं धरून. माणसाचं मन तसं नसतं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की अपेक्षित रसाचा थेंब मिळाला नाही, तर डोपामाइन या बक्षिसाशी निगडित मेंदूतल्या रसायनाच्या चेतापेशींची क्रिया नेमक्या त्या क्षणी मंदावते. सौद्याची आशा धरून बसलेल्याला नकार का झोंबतो, याचा धागा इथे असावा. मग तो कॉल कमी करतो, सौदे खरोखर घटतात आणि योगायोगाची रांग खरी घसरण होते. मानसशास्त्रातले संशोधक सेलिग्मन आणि शुलमन यांनी १९८६ मध्ये आयुर्विमा विक्रेत्यांचा अभ्यास केला. अपयशाला ‘मी असाच, कायमचा’ असं कारण न देणारे जास्त विकत होते आणि नोकरीतही जास्त टिकत होते.

लकी पेन, लकी शर्ट यांचाही उगम अशा योगायोगातच. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांना, ती काहीही करोत, ठरावीक वेळाने दाणे दिले. दाणे पडताना जे चाललं होतं तेच कबुतरं पुन्हा पुन्हा करू लागली, कुणी गिरक्या घेत होतं, कुणी मान हलवत होतं. ‘विश्वाला सकारात्मक लहरी पाठवा’ म्हणणाऱ्या महागड्या शिबिरांत याहून वेगळं काही शिकवलं जात नाही.

आत्मविश्वास कशाने वाढतो, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्येच दिलं: स्वतः पार पाडलेल्या कामाच्या अनुभवाने. म्हणून रोजच्या वहीत सौद्यांआधी कॉलचा रकाना हवा. तो आकडा पूर्ण आपल्या हातात असतो आणि सौदा नसलेल्या दिवशीही भरता येतो. शेदोनशे कॉल झाले की स्वतःचा खरा दर काढावा. पुढे सौद्यांचा आकडा त्या दराच्या सरासरीपेक्षा दोन विचलनांहूनही खाली गेला, तर मात्र बोलण्याची पद्धत किंवा ग्राहकांची यादी बदलायला घ्यावी.