घराच्या छतावरील सौर संचासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि कोणाचे काम कोणते

सन 2030 पर्यंत देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी 50 टक्के क्षमता खनिज इंधनाव्यतिरिक्त इतर स्रोतांची असेल, असे वचन भारताने पॅरिस कराराखाली दिले आहे. वचन केंद्राचे असले तरी मीटर राज्याच्या वीज कंपनीचा असतो आणि छत नागरिकाचे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर: मोफत वीज योजने'त या तिघांची गाठ पडते. 2026-27 पर्यंत 1 कोटी घरांपर्यंत पोहोचण्याचे तिचे उद्दिष्ट आहे.

अर्जदार भारतीय नागरिक असावा, त्याचे स्वतःचे घर व संचायोग्य छत असावे, अधिकृत वीजजोडणी असावी आणि सौर पॅनेलसाठी त्याने पूर्वी अनुदान घेतलेले नसावे. आधार, अलीकडचे वीजबिल, छताचा फोटो आणि पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश जवळ ठेवावा.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून भरायचा असला, तरी तो अडतो बहुधा बिलावरच्या नावाशी. गावाकडे वाटण्या होऊन वर्षे लोटतात, घरपट्टी मुलाच्या नावे होते, पण बिल आजोबांच्याच नावाने येत राहते. अशा वेळी ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा काढून महावितरणकडे आधी नावात बदल करून घ्यावा; ही पायरी टाळून पुढे जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर नोंदणीकृत पुरवठादार निवडावा आणि पॅनेल देशी बनावटीचे असल्याची खात्री करावी, कारण अनुदान त्यावरच मिळते. संच बसल्यावर महावितरण तपासणी करून नेट मीटर लावते, म्हणजे दुपारी जास्तीची वीज वाहिनीत जाते आणि तेवढी युनिट बिलातून वजा होतात. संच सुरू झाल्याचा कार्यान्वयन अहवाल निघाल्यावर बँक खात्याचा तपशील भरला की केंद्राचे अनुदान थेट खात्यात जमा होते: पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट 30,000 रुपये, तिसऱ्यासाठी 18,000, म्हणजे कमाल 78,000 रुपये.

ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेलाही हद्दीत बसणाऱ्या प्रत्येक संचामागे 1,000 रुपये प्रोत्साहन ठेवले आहे. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात एक आदर्श सौर ग्राम निवडले जाते आणि त्याला 1 कोटी रुपये मिळतात. महाराष्ट्रात 5,000 पेक्षा जास्त लोकवस्तीची महसुली गावे या स्पर्धेत उतरू शकतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी ग्रामपंचायतीत आपल्या गावाची चौकशी अवश्य करावी.